मंगळवारचे दिवंगत

"मी टॉम पेलो बोलतोय," फोनवरचे म्हातारे गृहस्थ इंग्रजीत म्हणाले. "आज रात्री जेवणाच्या वेळी वाटायचं पुस्तक मला जरा आधी मिळेल का? शारजाच्या ट्रॅफिकमध्ये आहे. अर्ध्या तासात पोचतो."

माझा चहा कीबोर्डवर हिंदकळला. टॉम पेलोला मी चार दिवसांपूर्वी बासष्टाव्या पानावर मारून ठेवलं होतं.

दुबईतल्या अल कुसैसच्या या छापखान्यात मी अकरा वर्षं पुस्तकांची पानं लावते. कामाच्या बाबतीत माझं नाक जरा वरच असतं आणि ते मला मान्य आहे. इंग्लंडमधल्या थॉर्नवेल गावच्या रग्बी क्लबाला सव्वाशे वर्षं झाली, त्यांचा संघ दुबईत खेळायला आला, म्हणून क्लबाच्या इतिहासाचं हे पुस्तक. सेक्रेटरीने जुन्या वह्यांचे फोटो पाठवले आणि म्हणाला, यातून तुम्हीच काय ते काढा. मी काढलं.

त्यात सरावाची हजेरीवही होती. सराव दर मंगळवारी. एकोणीसशे सदुसष्ट सालच्या प्रत्येक पानाखाली निळ्या शाईत एकच ओळ: 'लेट – पेलो, मार्श'. मी तर भारावूनच गेले. काय संस्कार आहेत या लोकांचे, दर आठवड्याला आपल्या मेलेल्यांची आठवण काढतात! लग्नपत्रिकेपासून दाराच्या पाटीपर्यंत आपल्याकडे नावाआधीचा 'लेट' म्हणजे कैलासवासी, दुसरा अर्थ मनात येतोच कशाला? त्याच साली संघातही एक पेलो खेळत होता, तो मी मुलगा ठरवला. सेक्रेटरीने दिलेल्या दिवंगतांच्या यादीत दोन नावं माझ्या पदरची घातली आणि पान त्याच्याकडे तपासायला पाठवलं. त्याने 'ठीक आहे'चा अंगठा पाठवला. इंग्रजी त्यांचं, क्लब त्यांचा, आणि वाचायचं मात्र मी, विभावरीने!

शनिवार असल्यामुळे माझी लेक इरा छापखान्यातच बसली होती. मी तिला वहीचा फोटो दाखवला.

"आई," ती म्हणाली, "धिस इज लाइक स्कूल. दे केम लेट. दॅट्स ऑल."

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. अडीचशे प्रती बांधून तयार होत्या. बाइंडिंगचं काम करणारा तहा धावत आला; मला तो बाजी, म्हणजे ताई म्हणतो.

"बाजी, पन्ना जड़ से काटेंगे, नया चिपका देंगे. नाम कितने निकालने हैं?"

"एक. पेलो. वो आ रहा है."

"अँड मार्श?" इराने विचारलं.

"जो येतोय त्याचं आधी. बाकीचं नंतर बघू."

हे वाक्य मी बोलले. लिहितानाही लाज वाटते.

पेलो दारात आले तेव्हा एका प्रतीतल्या नव्या पानाचा गोंद ओलाच होता. ऐंशीच्या घरातले, काठीवर वाकलेले, इस्त्रीच्या शर्टातले गृहस्थ. उम्म अल कुवैनला एकटेच राहतात म्हणाले. बाकीच्या प्रती आम्ही कापडाखाली लपवल्या होत्या. मी खुर्ची दिली, चहा दिला, पुस्तक दिलं आणि देवाचं नाव घेत उभी राहिले. ते एकेक पान उलटत होते, फोटोंवर बोट ठेवत होते, मध्येच स्वतःशी हसत होते. साठ. एकसष्ट. बासष्ट.

त्यांचं बोट थांबलं.

"डेनिस," ते म्हणाले. चष्मा काढून त्यांनी मांडीवर ठेवला.

"डेनिस मार्श. एका सायकलवरून यायचो आम्ही. दर मंगळवारी उशीर. मग तो कप्तान झाला. फायनलच्या सकाळी मी सात मिनिटं उशिरा पोचलो, तर त्याने मला न घेताच बस सोडली. मी इकडे नोकरी धरली आणि त्याला एक अक्षर लिहिलं नाही. मला वाटायचं, अजून वेळ आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कधी गेला?"

मी गप्प बसले असते तर सगळं निभावलं असतं. पुस्तक स्वच्छ, माझं नाव स्वच्छ, रात्रीचं जेवण सुखरूप. पण इरा माझ्याकडे टक लावून बघत होती, आणि तो माणूस माझ्या चुकीपायी रडत होता.

मी कापडाखालची एक जुनी प्रत काढून त्यांच्यापुढे धरली. वही, लेट, कैलासवासी, सगळं सांगितलं.

त्यांनी स्वतःचं नाव वाचलं. "आयुष्यात पहिल्यांदाच कुठेतरी वेळेआधी पोचलो," ते म्हणाले, पण हसले नाहीत. "म्हणजे डेनिस जिवंत आहे?"

"माहीत नाही, सर. मला काहीच माहीत नाही." आणि मग जे तोंडात आलं ते मी बोलून गेले. "आमच्यात म्हणतात, मरणाची खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं."

"खोटी असेल तर," ते म्हणाले.

मी सेक्रेटरीला फोन लावून चूक कबूल केली. त्याची बोलणी ऐकून घेतली आणि मार्शबद्दल विचारलं. तो म्हणाला, कित्येक वर्षांत क्लबात फिरकलेला नाही, असेल किंवा नसेल. एक जुना नंबर तेवढा मिळाला. इराने तो फिरवला आणि स्पीकर लावला.

घंटा वाजत राहिली. चार. पाच. अकरा वर्षांत मी माझी एकही चूक कधी चालवून घेतली नाही, आणि त्या क्षणी देवाला विनवत होते, बाबा रे, ही माझी चूकच निघू दे.

आठव्या घंटेला कुणीतरी फोन उचलला. "हॅलो?" आवाज म्हाताऱ्याचा, चिडका.

पेलो फोनकडे वाकले. "कोण आहे?" पलीकडून पुन्हा विचारलं.

"टॉम."



"आज मंगळवार आहे का?" पलीकडून प्रश्न आला.

"नाही, शनिवार," पेलो म्हणाले. डोळ्यांतलं पाणी आता त्यांनी पुसलंही नाही. "उशीर झाला रे, डेनिस."

तहा सुरी घेऊन दारात कधीचा उभा होता. त्याने हळूच विचारलं, "बाजी, नाम कितने निकालने हैं?"

"दो," मी म्हणाले.