शनिवारी बारापर्यंतचं पान

ही गोष्ट २०१४ सालची. आईला जाऊन वर्ष झालं होतं. तिच्या आठवणींची वेबसाइट आम्ही दोघी बहिणींनी केली होती. लिहायची मी, बाकी सगळा कारभार धाकटीकडे. त्या सोमवारी तिच्या जावयाने साइट नव्या सर्व्हरवर हलवली.

मंगळवारी मी आईच्या शेवटच्या दिवसांचं पान लिहिलं. तीन दिवस निरोप पाठवूनही धाकटी फिरकली नाही, हे स्पष्ट लिहिलं. बुधवारी मामांचा फोन आला, "अगं, कुठलं पान? इथे काहीच नाही." माझ्या पडद्यावर तर ढळढळीत दिसत होतं!

मी धाकटीला फोन लावला.

"साळसूदपणा पुरे. पान मला एकटीलाच दिसेल, अशी सोय केलीस ना जावयाकडून?"

"ताई, त्याला बायकोचा वाढदिवस लक्षात राहत नाही. तो कसली कारस्थानं करतोय!"

साइट जिच्या सर्व्हरवर होती, त्या होस्टिंग कंपनीच्या मदत केंद्रात फोन केला. एकाने ब्राउझरचा साठा पुसायला लावला, दुसऱ्याने संगणक बंद करून चालू करायला. दोघे इतके गोड बोलले, की जावयाने यांनाही पढवून ठेवलंय, अशी माझी खात्रीच झाली.

शुक्रवारी त्याच केंद्रातल्या एक बाई फोनवर भेटल्या. त्यांनी पडद्यावरचा एक आकडा वाचायला सांगितला.

"आजी, तुमचा संगणक अजून जुन्याच सर्व्हरवर जातोय. सामान हलवल्यावर रिकाम्या घराच्या भिंतीवर लिहिलंय तुम्ही. उद्या दुपारी बाराला तो बंद होणार. मग पान गेलंच."

धाकटी म्हणाली, "मेल कर, मी चढवते."

"म्हणजे कापायला मोकळी! इथे येऊन माझ्यासमोर चढव."

शनिवारी ती लॅपटॉप घेऊन आली. "तूच वाच, मी टाइप करते. शब्द सुटला तर सांग."

मी वाचू लागले. 'फिरकली नाही' पाशी जीभ अडली.

"थांबलीस का? बारा वाजतील."

वाचलं. तिने टाइप केलं. मान वर न करता म्हणाली, "तिसऱ्या दिवशी पहाटे आले होते मी. तू खुर्चीत झोपली होतीस. आईने खुणेनेच सांगितलं, उठवू नकोस. तुझा चष्मा वाकेल म्हणून मीच काढून औषधांच्या डब्यात ठेवला."

त्या चष्म्यासाठी मी सकाळभर घर धुंडाळलं होतं, नर्सला नाही नाही ते बोलले होते.

"हे आत्ता सांगतेस?"

"तू विचारलंस कधी? पुढचं वाच."

बाराच्या आत पान चढलं, एकही शब्द न कापता. ते वाचून मामांनी तिच्याशी बोलणं टाकलं, ते अखेरपर्यंत. जावई आता मोठा साहेब झालाय आणि माझा फोन उचलत नाही. मदत केंद्रातल्या त्या बाई पुन्हा कधी फोनवर आल्या नाहीत.

धाकटी जाऊन चार वर्षं झाली. चष्म्याचं मी पानात लिहिलं, पण ती गेल्यावर.