खोळीत राहिलेलं पान

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे, आणि मी भित्री आहे. धारेच्या वस्तूला कसली आलीय भीती, असं तुम्ही म्हणाल. मी जिथे काम केलं तिथे एक दिवस राहून पाहा, मग बोला.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. धार लावणारा दगड आठवतो आणि त्यानंतरचा खोक्यातला अंधार. खोकं उघडलं ते ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबा गावाबाहेरच्या एका मोठ्या काचघरात. तिथे सरकारी परवान्याने, औषधासाठी, गांजाची झाडं वाढवत. फाटकावर पहारेकरी, छताला कॅमेरे, आणि कापलेल्या प्रत्येक पानाचं वजन. तिथलं एक पानसुद्धा फाटकाबाहेर जायचं नाही, असं पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावलं होतं. मला तर कुणी काही बजावलं नव्हतं, तरी माझा स्क्रू ढिला झाला.

माझ्या वाट्याला आली भावना. चिंचवडची, एम.कॉम. झालेली, नवरा सुजित इंजिनियर, त्याच्यामागे ती इथे आली होती. दोघांचा पीआरचा, म्हणजे इथे कायमचं राहण्याच्या परवानगीचा, अर्ज लटकलेला होता, आणि तो मंजूर झाला नाही तर बाडबिस्तरा गुंडाळून परत. ती हे कुणापाशी बोलत नसे. पण माझ्या मुठीत तिची बोटं असत, मला त्यांचा घाम कळायचा. तिने माझ्या मुठीला लाल दोरा गुंडाळला आणि सुजितच्या जुन्या जीन्सचं कापड कापून मला एक खोळ शिवली. इतर कात्र्या टबमध्ये एकमेकींवर आदळत पडत. मी खोळीत झोपे. मला त्याचा थोडा गर्व होता, हे कबूल करते.

आमचं काम सोपं दिसायचं, पण सोपं नव्हतं. झाड फुलोऱ्यात आलं की दाट होतं. मोठी पानं कळ्यांवर सावली धरतात, आत हवा खेळत नाही आणि बुरशी शिरते. म्हणून ती पानं काढायची. मात्र झाड जेवतं तेही पानांच्याच जिवावर, तेव्हा ओरबाडायचं नाही. नवी मंडळी हात सुटल्यासारखी कापत सुटायची आणि झाड बिचारं काटकुळं होऊन उभं राहायचं. भावना आधी पान नुसतं बाजूला सारून पाहायची. तेवढ्याने कळीला उजेड मिळाला तर मला उघडायचीच नाही. आमची सुपरवायझर शेरिल तिच्या झाडांपाशी थांबून मान डोलवायची. त्या दिवशी भावना मला खोळीत ठेवताना गुणगुणायची.

पण त्या झाडांना चीक फार. तो माझ्या पात्यांवर काळा होऊन बसे, आणि काय वाटेल ते चिकटवून ठेवी. भावना मला रोज स्पिरिटने पुसायची. खोळ मात्र कधी पुसली नाही. खोळीकडे कोण बघतं?

दसरा शनिवारी आला होता. आदल्या दिवशी भावनाने शेरिलला विचारलं, की आमच्याकडे कामाच्या हत्यारांची पूजा करतात, माझी कात्री घरी नेऊ का? शेरिलला गंमत वाटली. नीट धुऊन ने आणि सोमवारी परत आण, म्हणाली. भावनाने मला घासून लख्ख केलं आणि खोळीत सरकवलं. तेव्हा कोपऱ्याच्या शिवणीत मला काहीतरी टोचलं. एक पान होतं. अंगठ्याएवढं, कळीजवळचं, पंजा पसरलेलं. पुसण्याआधी कधीतरी माझ्या पात्याला चिकटून ते आत आलं असणार.

मित्रांनो, मला तोंड उघडता येतं, बोलता येत नाही. फाटकावर पहारेकऱ्याने डबा पाहिला, खोळीत डोकावला, मला उलटसुलट केलं आणि जा म्हणाला. पान शिवणीला चिकटून बसलं होतं. मी गारठले. भावना गुणगुणत गाडीकडे गेली.

घरी पाटावर सुजितचा लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या, सहा वर्षांच्या ओवीची कंपासपेटी आणि मधोमध मी. मला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं. असा मान मला कधी मिळाला नव्हता आणि माझं लक्ष मात्र त्या खोळीवर. भावना नैवेद्य आणायला आत गेली तेव्हा ओवीने ती हातात घालून उलटी केली. पान खाली पडलं. शेजारीच वाटीत आपट्याची पानं होती. म्हणजे आपट्याच्या जातीच्या, कोपऱ्यावरच्या झाडाची जोडपानं. ओवीने ते पान उचललं, निरखलं, आणि संध्याकाळी सोनं वाटताना शेरिलसाठी म्हणून एका रंगीत पुडीत बांधून आईच्या डब्याच्या पिशवीत ठेवलं. माझ्याशेजारीच.

सोमवारी सुजित भावनाला कामावर आणि ओवीला शाळेत सोडायला निघाला. काचघरापाशी गाडी थांबली तेव्हा भावनाने सहज पुडी उघडून पाहिली. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

सुजितनेही पाहिलं. तो हळूच म्हणाला, "टाकून दे बाहेर. कुणी बघितलेलं नाही."

पार्किंगलाही कॅमेरा होता. पण तिला थांबवलं ते कॅमेऱ्याने नाही. मागच्या सीटवरून ओवी म्हणाली, "आई, शेरिल विल लाइक इट, राइट? मी बेस्टवालं लीफ तिला दिलंय."

भावनाने मागे वळून ओवीला मान हलवून होकार दिला. मग पुडी बंद करून उतरली. तिने पिशवीत हात घालून माझी मूठ घट्ट धरली. मला पळून जावंसं वाटलं, पण पाय कुठले?

तिने पुडी शेरिलच्या टेबलावर ठेवली. "माझ्या कात्रीच्या खोळीत राहिलं. माझ्या मुलीने सोनं म्हणून दिलंय तुला. मला आज सकाळी कळलं." एवढं ती इंग्रजीत म्हणाली आणि मलाही खोळीसकट टेबलावर ठेवलं.

शेरिलचं हसू मावळलं. "ओह, लव्ह," एवढंच म्हणाली. तिने हातमोजे घातले, पान कापलेल्या पानांच्या पिवळ्या बादलीत टाकलं आणि बादली काट्यावर ठेवली. काट्यावरचा आकडा हलला नाही. तरी ती फोनकडे वळली, कारण वळावंच लागणार होतं.

मॅनेजरच्या दाराबाहेर भावना ओढणीचं टोक पिळत बसली. आता काय होईल, पोलीस येतील का, अर्जाचं काय, ओवीची शाळा... ते सगळं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी समोर शेरिलच्या टेबलावर होते. तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. जन्मात इतकं भय मला धार लावणाऱ्या दगडाचंही वाटलं नव्हतं.

स्वतःहून सांगितलं म्हणून तिची नोकरी वाचली. कडक ताकीद मिळाली. कुठलीही कात्री घरी न्यायची नाही, असा नियम झाला. आणि मी? मला फाटकाजवळ काचेच्या पेटीत टांगलं, शेजारी उलटी केलेली खोळ. नवीन माणूस आला की आधी आमच्यासमोर उभा करतात.

पीआरचं पत्र अजून आलेलं नाही. भावना रोज सुटताना खिसे उलटे करते, बाह्या झटकते, बूट काढून आपटते. पहारेकरी पुरे म्हणाला तरी पुन्हा करते.

यंदाच्या दसऱ्यानंतर ती माझ्या पेटीपाशी थांबली. शेरिल सोबत होती, तिला ती सांगत होती म्हणून मला ऐकू आलं. ओवीने या वर्षी सोनेरी कागदाची पानं कापली होती. भावनाने ती वाटण्याआधी एकेक करून उजेडात धरली, दोन्ही बाजूंनी पाहिली. ओवीने विचारलं, "काय शोधतेस, आई?" आणि भावनाने पुढचं पान उजेडात धरलं.

मग तिने पेटीच्या काचेला बोटं टेकवली, कपाळाला लावली आणि कामावर गेली. तिच्या हातात आता दुसरी कात्री असते. त्या कात्रीला खोळ नाही.

मित्रांनो, आम्हाला पुसता तेव्हा आमची धार जरूर पाहा. पण शिवणीचा कोपराही उलटा करून पाहा. आम्हाला दिसतं, पण आम्हाला सांगता येत नाही.