दोघांचे काम एकटीने करणारी बाटली

मित्रांनो, मी फवाऱ्याची एक जुनी बाटली आहे. गॅरेजच्या मागच्या भिंतीवर, पान्यांच्या शेजारी, एका खिळ्याला मी लटकते. माझ्या अंगावर तेलाचे डाग आहेत, गळ्यात तारेचा फास आहे आणि तोंडातून दोन हात लांब नळी बाहेर आली आहे. मला पाहून लहान मुले विचारतात, "हे काय आहे?" मोठी माणसे विचारतात, "हे चालतं का?" चालते. मला त्याचे फारसे काही वाटत नाही, पण विषय निघालाच आहे तर सांगते.

मी मूळची वरच्या मजल्यावरची. गॅरेजच्या डोक्यावरच मिस्त्रींचे घर आहे आणि त्या घराच्या स्वयंपाकघरातील खिडकीत मी राहत असे. मी काकूंची होते. काकू म्हणजे मिस्त्रींची बायको. सगळी गिऱ्हाइके त्यांना काकूच म्हणत. रोज सकाळी त्या माझा दट्ट्या वरखाली करून हवा भरत आणि कुंड्यांवर बारीक पाणी मारत. पाणी गार असते, हे मला तेव्हा कळायचे.

काकूंचे दुसरे काम खाली गॅरेजमध्ये असे. काही गाड्यांचा क्लच तेलावर चालतो. पेडल दाबले की नळीतले तेल पुढे ढकलले जाते आणि क्लच सुटतो. त्या तेलात हवा शिरली की पेडल मऊ पडते. पाय खाली जातो, पण पुढे काही पोचत नाही. ती हवा काढायला दोन माणसे लागतात. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचे. दुसऱ्याने गाडीखाली झोपून निपल, म्हणजे हवा सोडायचा छोटा पोकळ स्क्रू, सैल करायचे, बुडबुडे निघाले की घट्ट करायचे, आणि मगच पहिल्याने पाय उचलायचा. घाई केली तर हवा परत आत जाते आणि सगळे मुसळ केरात. लग्न झाल्यापासून पेडलवर काकूच बसत. मिस्त्री खालून म्हणत, "दाब. धर. सोड." काकू वरून म्हणत, "दाबलं. धरलं. सोडलं." दिवसभरात त्या दोघांचे एवढेच बोलणे होई म्हटले तरी चालेल, कारण मिस्त्री म्हणजे तोंडात कायमची मिठाची गुळणी धरलेला माणूस.

पुढे काकूंचा डावा गुडघा दुखू लागला. क्लचचे पेडल डाव्याच पायाचे. त्या कधी तक्रार करत नसत, पण पेडल दाबताना गुडघा करकर वाजे आणि गाडीखाली पडलेल्या मिस्त्रींना ते स्पष्ट ऐकू येई. हे मला नंतर त्यांच्याच तोंडून कळले.

एके दिवशी काकू बहिणीकडे गेल्या असताना मिस्त्रींनी मला खिडकीतून उचलले. कोणाला विचारले नाही. माझी तोटी कापली आणि तिथे नळी बसवली. भंगारातून क्लचच्या तेलाच्या डबीचे एक जुने झाकण शोधले, त्याला मधोमध भोक पाडले, त्यात पितळेच्या नळीचा तुकडा नटाने आवळला आणि नळीचे दुसरे टोक त्याला जोडले. गळू नये म्हणून सायकलच्या ट्यूबचा वॉशर कापून घातला. आता झाकण गाडीच्या डबीवर फिरवून बसवायचे, माझ्यात तेल भरायचे, दट्ट्याने दाब द्यायचा. तेल आपोआप खाली ढकलले जाते. पेडलवर कोणी लागत नाही.

पहिल्या खेपेला नळी निसटली आणि तेल बॉनेटवर उडाले. हे तेल गाडीचा रंग खाते. मिस्त्री बादली घेऊन असे धावले की शेजारचा टायरवाला आग लागली समजून बाहेर आला. तेव्हापासून माझ्या गळ्यात तार आहे. मग दट्ट्याची रबरी रिंग तेल पिऊन फुगली, तीही बदलावी लागली. शेवटी एकदाची मी चालले. निपलमधून आधी फसफस, मग बुडबुडे, मग अखंड धार. मिस्त्री गाडीखाली एकटेच हसले. मला मात्र तेल भरल्यापासून गार-गरम काही कळेनासे झाले.

काकू परत आल्या, खिडकी रिकामी पाहून खाली आल्या. "अहो, माझी बाटली कुठे गेली?"

मिस्त्रींनी माझ्याकडे बोट दाखवले. आता, मित्रांनो, इथे माणसाने चार शब्द बोलावेत की नाही? "तुझ्या गुडघ्यासाठी केलं," एवढे म्हटले असते तरी पुरे होते. ते म्हणाले, "आता एकट्याचं काम झालं. तू नाही आलीस तरी चालेल."

"बरं," काकू म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या.

त्यानंतर त्या गॅरेजमध्ये आल्या नाहीत. माझे मात्र खूप कौतुक झाले. टायरवाला मोठ्याने म्हणाला, "मिस्त्री, डोकं चालवलंत! बायकोची मनधरणी करायला नको." वरची खिडकी उघडी होती. मिस्त्री पाना पुसत राहिले. वरून भांड्यांचे आवाज येत, बोलण्याचे येत नसत. काकू आता कुंड्यांना तांब्याने पाणी घालत आणि जास्तीचे पाणी गॅरेजच्या दारात ठिबकत राही. मिस्त्रींच्या तोंडून कधी गाडीखालून "धर" निघून जाई, मग ते उगाच खोकत. मला वाईट वाटायला हवे होते. वाटले नाही. मी हवा काढत राहिले.

असे वर्ष गेले. मग एक दिवस शाळेची व्हॅन चालवणाऱ्या ताई क्लच दुरुस्तीला आल्या. मिस्त्रींनी मला जोडले, दाब भरला आणि ते व्हॅनखाली सरकले.

"काकू दिसत नाहीत?" ताईंनी विचारले.

"वर आहे."

"भांडलात की काय?"

"छे. तिचा गुडघा वाजायचा. खाली पडल्या पडल्या मला ऐकवेना. म्हणून तर हे केलं."

"हे त्यांना माहितीये?"

"त्यात सांगायचं काय? दिसतंय की."

"कपाळ तुमचं!" असे म्हणून ताई तडक जिना चढून गेल्या.

थोड्या वेळाने कठडा धरत काकू खाली आल्या. व्हॅनखालून मिस्त्रींचे नुसते पाय दिसत होते. काकू त्या पायांशी उभ्या राहिल्या.

"माझ्या गुडघ्यासाठी केलं होतंत?"

"हं."

"मला वर्षभर वाटतंय, तुम्हाला मी नकोशी झाले. माझीच बाटली माझ्या जागी आणून बसवलीत. सांगायला काय जीभ झडली होती?"

पाय हलले नाहीत. रडू आवरायला काकूंनी पदर तोंडाशी धरला. मग खालून आवाज आला.

"हिच्यात दाब टिकत नाही गं. एकट्याने होत नाही. दट्ट्या मारायला कुणीतरी लागतं. हातानेच. स्टुलावर बसून."

मित्रांनो, हे धडधडीत खोटे होते. मी एकदा भरले की काम संपेपर्यंत दाब सोडत नाही. माझ्या साऱ्या जन्मात अभिमानाची तेवढीच एक गोष्ट आहे. काकूंनी माझे अंग चेपून पाहिले. मी दगडासारखी टणक होते. त्यांना कळले असणारच. पण त्यांनी स्टूल ओढले, मला मांडीवर घेतले आणि दट्ट्यावर हात ठेवला.

"सांगा," त्या म्हणाल्या.

त्यांच्या हाताची ऊब मला लागली का? नाही. खोटे कशाला बोलू? पण मिस्त्री त्या दिवशी गाडीखालून जेवढे बोलले तेवढे मी वर्षभरात ऐकले नव्हते, आणि त्यात क्लचचे फार थोडे होते.

माझे मागणे एवढेच आहे. कोणाचे कष्ट वाचवायला निघालात तर तसे त्याला तोंडाने सांगा. त्याच्या हातचे काम काढून घ्याल तर दुसरे काही त्या हातात द्या. आणि मी एकट्या माणसाच्या हाताने चालते, हे आता तुम्हाला कळले आहे. गॅरेजमध्ये आलात तर ते बोलू नका.