बाहेरचा पत्ता

कळमेश्वरच्या औषध कारखान्याच्या गेटवर, सर्व्हर दुरुस्त करायला आलेल्या अश्विन मेश्रामनं मोबाइल जमा केला, तेव्हा त्याला काहीच वाटलं नाही. आतल्या सर्व्हरना इंटरनेट नव्हतंच. कारखान्याची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून मुद्दामच दिलेलं नव्हतं. आदल्या दिवशी लाइट गेली, सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाले, आणि तेव्हापासून एक मशीन दुसऱ्याला नावानं ओळखेना. लेबलं छापणं थांबलं. माल न्यायला आलेले ट्रक आवारात उभे होते.

"डीएनएसची भानगड आहे," अश्विननं मॅनेजर गिरिधर देवपुजारींना ऐटीत सांगितलं. "नावावरून पत्ता सांगणारी व्यवस्था. अर्ध्या तासात करतो."

दुपार झाली तरी काही झालं नाही. एरवी तो पडद्यावरची चूक मोबाइलमध्ये टाकायचा आणि मिळेल ते पहिलं उत्तर चिकटवायचा. इथं पुढची कमांडच आठवेना.

टेबलावर लँडलाइन होती. पाठ असलेला नंबर एकच, कॉलेजापासूनचा. त्याच्या आधीच्या बायकोचा, मायाचा. ती त्याला सोडून गेली तेव्हा तो नातेवाइकांत सांगत फिरला होता, "तिले काय येते? सारं म्याच शिकवलं." खरं तर त्याचं अडलेलं काम नेहमी तीच सोडवून द्यायची.

"मी अश्विन," तो हळूच म्हणाला. "सर्व्हरवर अडलो वं. इथं इंटरनेट नाही, मोबाइल गेटवर हाय. मले काहीच सुचून नाही राहिलं."

तिकडं कुकरची शिट्टी झाली. ती फोन ठेवेल असं त्याला वाटलं.

"नावाऐवजी नंबर टाकला तं मशीन भेटते?" मायानं विचारलं.

"भेटते."

"मंग सर्व्हर नावं कोणाले विचारून राहिले ते पाय. सेटिंगची फाइल उघड, वाच."

अश्विननं फाइल उघडून त्यातला पत्ता वाचून दाखवला.

"हा तं बाहेरच्या इंटरनेटचा पत्ता हाय," ती म्हणाली. "तिथून बाहेर जायाले रस्ताच नाही. काहून टाकला?"

"सवयीनं."

मागच्या खेपेला तो त्यानंच टाकला होता. सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर तो लागू झाला होता.

"आतल्या डीएनएसचा टाक," एवढं सांगून ती फोनवरच थांबली. अश्विननं पत्ता बदलला. लेबलं छापल्याचा आवाज आल्यावर म्हणाली, "झालं ना? ठेवते."

"वा, मेश्राम!" देवपुजारी आत आले. "काय झालं होतं?"

"लाइट गेल्यानं गडबड झाली," अश्विन बोलून गेला.

देवपुजारींनी लगेच इलेक्ट्रिशियन अंकुशला बोलावलं. "तुमचा जनरेटर वेळेवर सुरू झाला असता तर हे झालं असतं का?" अंकुश मान खाली घालून ऐकत राहिला. अश्विनसाठी चहा आला. तो त्यानं प्यायला.

गेटवर मोबाइल घेतला, गाडीला किक मारली. गाडी सुरू झाली, पण त्याला पुढं जाववेना. गाडी बंद करून तो परत आत गेला.

"साहेब, चूक माझी होती. चुकीचा पत्ता मीच टाकला होता. आणि ती शोधली माया गजभियेंनी, फोनवर. मला सापडली नव्हती."

"हे अंकुशसमोर सांगा," देवपुजारी म्हणाले. "पुढचं काम तुम्हाला द्यायचं की नाही, ते मी नंतर बघतो."

अंकुश जनरेटरपाशी सापडला. अश्विननं सगळं सांगितलं.

"होते गा कधी कधी," अंकुश हात पुसत म्हणाला.

त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं अश्विनला वाटलं. मान वर न करता तो गाडीकडं चालू लागला.