खिडकी कोणी लावली

बाहेर

टोपीचा डबा बाबांच्या मांडीवर. शाळा पास झालेल्यांनी घालायची ही पांढरी टोपी शेवटची तोंडी परीक्षा संपण्याआधी डोक्याला लागली तर अपशकुन, म्हणून झाकण बंद. गेल्या वर्षी मी याच विषयात आपटले आणि टोपी वर्षभर कपाटात राहिली. पास झालेल्या मैत्रिणी टोप्या घालून, प्रथेप्रमाणे सजवलेल्या ट्रकवर नाचत गावभर फिरल्या, मी पडद्याआडून बघितलं.

"तूच गुपचूप घालून बघितली असशील, क्नूद," बिर्गित आत्या बाबांना अजून सुनावते.

त्याआधी, तयारीची खोली

चिठ्ठी उचलली. जुनं स्पॅनिश नाटक, शेवटचा प्रवेश. हा वर्गात झाला तेव्हा मी दाताच्या डॉक्टरकडे होते. घाबरून एकेक ओळ वाचली.

आत

हिरव्या कापडाच्या टेबलामागे आमची शिक्षिका विबेके. शेजारी ऑलबॉर्ग शहराहून आलेला बाहेरचा परीक्षक, प्रेबेन.

"मारेन," विबेके म्हणाली, "राणी खिडकी का लावते?"

मी तोंड उघडलं.

"स्वातंत्र्य!" तीच म्हणाली. "म्हणजे, तू त्या दिशेने जाशील ना?"

"कशाला जाईल?" प्रेबेन म्हणाला. "राणी देवाला बाहेर ठेवते. सरळ आहे."

"सरळ? आयुष्यभर हे नाटक शिकवतेय मी."

"मग आयुष्यभर चुकीचं शिकवलंत."

बाहेर

"भांडतेय वाटतं आपली पोरगी," बाबा म्हणाले.

आत्याने दाराला कान लावला. "तिचा आवाजच नाही रे. तिचा असता तर बरं झालं असतं."

आत

अडचण अशी, की माझ्यासमोरच्या पुस्तकात राणी खिडकी लावतच नव्हती.

बोलावं, तर दोन परीक्षकांना तोंडावर खोटं पाडायचं. ते गिळून एकाची बाजू घ्यावी, तर दुसरा नापास करणार. दोन्हीकडे कपाट.

"सांग त्यांना, मारेन!"

"हो, सांग, सांग!"

"खिडकी... दासी लावते."

दोघे एकदम माझ्याकडे वळले.

"राणी झोपलेली असते. हे बघा, इथे."

दोन डोकी एका पानावर आली. प्रेबेनने चष्मा काढला, पुसला, परत लावला. विबेकेची मान लालबुंद. मी मनातल्या मनात टोपी कपाटात ठेवून दिली.

"दासी," विबेके हळूच म्हणाली, "म्हणजे राणीचंच जागं मन."

"अर्थात! श्रद्धा झोपलेली, मन जागं. मी दुसरं काय म्हणत होतो?"

"आधी मी म्हटलं."

"बरं, दोघांनी म्हटलं."

दोघांनी हात मिळवले. मग मी अजून तिथेच आहे हे त्यांच्या लक्षात आलं आणि गुण ठरवायला मला बाहेर काढलं.

पुन्हा आत

"पास," विबेके म्हणाली. "चार."

चार म्हणजे जेमतेम पासच्या एक पायरी वर.

"वाचतेस छान," ती मायेने म्हणाली, "पण मजकुराला फार चिकटून राहतेस गं. जरा अर्थ लावायचं धाडस कर."

"करीन," मी म्हटलं. पास झालेल्या माणसाने वाद घालू नये.

बाहेर

बाबांनी टोपी डोक्यावर ठेवली. वर्षभरात केस एवढे वाढले होते की ती बसेना. आत्याने दोन्ही हातांनी दाबून बसवली.

"काय विचारलं गं?"

"राणीने खिडकी का लावली."

"मग?"

"तिने नाही लावली."

"एवढंच? आणि त्यावर एवढा आरडाओरडा?"

खाली ट्रकचा भोंगा वाजला. मी टोपी धरून जिन्याकडे पळाले.