ओढाळांची डागणी

मित्रांनो, मी एक जुनी डागणी आहे, आणि माझा राग मी लपवणार नाही.

सोनगीरजवळच्या एका गावात लोहाराने मला घडवले. लांब दांडा आणि टोकाला आडवा विळा, एवढाच माझा थाट. सुकदेव आबांकडे गावाचा कोंडवाडा होता. जे जनावर तीनदा दुसऱ्याच्या शेतात तोंड घालताना सापडे, त्याच्या पुठ्ठ्यावर मी तापून टेके. मग तो विळा दिसला की लोक ओळखत, हे ओढाळ आहे. मुक्या जिवांना भाजल्याचे मला आजही वाईट वाटते. पुढे कोंडवाडा मोडला आणि मी माळ्यावर गंजत पडले.

आबांच्या सुनेने, यशोदाबाईंनी, मला खाली काढले, तेलाचा हात फिरवला आणि चुलीतले निखारे सारायला घेतले. त्याच चुलीवर त्या काळा मसाला भाजत. पंचक्रोशीत त्याचे नाव होते. धुळ्याचा पुतण्या स्वप्नील गोड बोलून सगळे प्रमाण लिहून घेऊन गेला, कारखाना काढला आणि काकूंना म्हणाला, "तुम्ही आता आराम करा." पाकिटावर त्यांचे नाव औषधालाही नव्हते. तेव्हापासून मी आतल्या आत धुमसत होते.

एकदा तो पाकिटासाठी खूण शोधत आला. मला पाहून त्याचा चेहरा खुलला.

"काकू, ब्रँड म्हणजे मुळात आगीने उठवलेला डागच. गुरांना डागत, त्यावरून हा धंद्यातला शब्द आला. ही आपल्या आबांचीच निशाणी ना?"

यशोदाबाईंनी तव्यावरची भाकर उलटली. "हां, तुना आबाना हातनीच शे."

झाले, हजारो पाकिटांवर विळा छापला गेला. आठवडी बाजारात म्हाताऱ्या हिलाल नानांनी पाकीट डोळ्यांजवळ नेले. "हाई ते ओढाळ ढोरनी खूण शे. दुसराना वावरमा तोंड घाले, त्यानी."

बाजार पोट धरून हसला. धुळ्यापर्यंत 'ओढाळ मसाला' हेच नाव पडले आणि दुकानदारांनी माल परत पाठवला. मला त्याची जराही दया आली नाही.

स्वप्नील तावातावाने आला. "तुम्हाला माहीत होतं, काकू. सांगितलं का नाही?"

"तू इचारं, कोनी शे. कसानी शे, ते इचारं नही." खरेच होते; निशाणी कोणाची एवढेच त्याने विचारले होते, कशाची ते नाही. काकूंनी हात पुसले. "आते नवा कागद छाप. वर मनं नाव टाक."

त्याने मान खाली घालून काकूंचे नाव टाकले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, जुनी माणसे जपा. आणि ज्याची मेहनत उचलाल, त्याचे नावही सोबत उचला. मी अजून छान तापते.