शेवट सांगायचा नाही

मुलांना वाचनाची गोडी कशी लावावी, याबद्दल ज्यांनी वर्षानुवर्षं पुस्तक उघडलेलं नसतं त्यांचीच मतं फार ठाम असतात. आमच्या वाचनालयाच्या समितीत अशा मंडळींचा सुकाळ आहे. कोणी म्हणतो बक्षिसं ठेवा, कोणी म्हणतो मोबाइल काढून घ्या. काम मात्र एकटी आत्या करते.

वाचनालय म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत लांब टेबल, वर्तमानपत्रं आणि माझ्यासारखे निवृत्त लोक. आतल्या खोलीत कपाटं आणि सुट्टी लागली की धुडगूस घालणारी मुलं. आत्या म्हणजे ग्रंथपाल. तिच्या भावाच्या दोन मुली सुट्टीत दिवसभर तिच्याचकडे असतात, कारण आई इस्पितळात कामाला आणि बाप बसवर. त्या दोघी तिला आत्या म्हणतात, म्हणून बाकीची मुलं म्हणू लागली, आणि मुलांचं ऐकून समितीचे अध्यक्षही एकदा भर बैठकीत आत्या म्हणून गेले. तेव्हापासून तेच नाव पडलं.

आत्याचा सुट्टीतला उपक्रम साधा आहे. मुलाने पुस्तक वाचायचं आणि शनिवारी सगळ्यांसमोर स्टुलावर उभं राहून त्याची गोष्ट सांगायची. फक्त शेवट सांगायचा नाही. हा नियम आला त्याला एक मुलगा कारणीभूत आहे. त्याने एका सुट्टीत कपाटातल्या झाडून सगळ्या रहस्यकथा वाचल्या आणि दर शनिवारी खुनी कोण ते सांगून मोकळा झाला. मग त्या पुस्तकांना कोण हात लावणार? आत्याने दुसऱ्याच दिवशी भिंतीवर पाटी लावली, आणि मुलांनी ती अशी काही मनावर घेतली की विचारू नका. कोणाची जीभ जरा घसरली की सगळी पोरं ‘शेवटफोड्या, शेवटफोड्या’ करून त्याला रडकुंडीला आणत. घरी आईने विचारलं तरी मुलं शेवट सांगत नसत, असं ऐकून आहे. नियम चांगला होता यात वाद नाही. पण चांगल्या नियमाच्या आड किती गोष्टी लपून राहतात, ते त्या सुट्टीत कळलं.

आत्याच्या भाच्यांपैकी धाकटी म्हणजे तुफान. पुस्तक हातात घेतलं की वाळवीसारखी फडशा पाडते. थोरली तिच्याहून एका वर्षाने मोठी, आणि वाचायला बसली की ओळीखाली बोट ठेवून एकेक शब्द ओठांनी पुटपुटत पुढे जाते. डोकं काही कमी नाही तिचं. गोष्ट ऐकली की बारीकसारीक तपशिलांसकट लक्षात ठेवते. पण छापलेल्या ओळीवर तिचं घोडं पेंड खातं. त्या वर्षी तिच्या वर्गाच्या बाईंनी आईबापांना बोलावून स्पष्ट सांगितलं, की हिने आजवर एकही पुस्तक पुरं केलेलं नाही. सुट्टीत एक तरी आख्खं पुस्तक वाचून मला त्याची गोष्ट सांगू दे. जमलं तर पुढच्या वर्गात बसवीन, नाहीतर याच वर्गात पुन्हा.

याच वर्गात पुन्हा म्हणजे धाकटीबरोबर. धाकटी त्याच वर्गात येणार होती. तिला त्याचा कोण आनंद! “मग आपण एकाच बाकावर बसू,” असं ती माझ्यासमोर थोरलीला म्हणाली, आणि तिच्या मनात खरंच काही वाकडं नव्हतं. थोरलीचा चेहरा एवढासा झाला. मला धाकटीच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला.

त्या सुट्टीत सगळ्यांत जास्त फिरत होतं ते ‘मनोऱ्याचे काटे’ नावाचं जाडजूड पुस्तक. एका गावात मनोऱ्यावरच्या घड्याळाचे काटे चोरीला जातात, नवे बसवले की तेही जातात, आणि घड्याळजीची नात चोराच्या मागे लागते, अशी ती गोष्ट. पार लक्तरं होऊन ते वर्षानुवर्षं एका खोक्यात पडलं होतं, सुट्टीच्या आधी बाइंडरकाकांनी ते उसवून पुन्हा शिवलं होतं. त्यांचं दुकान पलीकडच्या कोपऱ्यावर. नवा पुठ्ठा, नवे कोरे कागद, पाठीवर सोनेरी अक्षरं, अगदी नवरीसारखं सजवून दिलं होतं त्यांनी. मग शनिवारमागून शनिवार कोणी ना कोणी त्याचीच गोष्ट सांगू लागलं. सांगणारा शेवटाशी आला की डोळे मोठे करून म्हणायचा, “पुढचं वाचा म्हणजे कळेल. असला शेवट कुठे वाचला नसेल!” आत्याही देताना प्रत्येकाला हेच सांगायची. धाकटीने तर ते दोन दिवसांत संपवलं आणि चोर ओळखल्यासारखी भुवया उडवत फिरली.

थोरलीने तेच पुस्तक उचललं. आत्या म्हणाली, “अगं, पातळसं घे एखादं. कशाला उगाच डोंगर चढतेस?”

“मला चोर कोण ते बघायचंय,” ती म्हणाली. आत्याने पुस्तकावर तारखेचा शिक्का मारून दिला.

ती माझ्यासमोर टेबलाच्या टोकाला बसायची, आतल्या खोलीतल्या गोंगाटापासून लांब. माझं वर्तमानपत्र वाचून, घडी करून, डुलकी काढून व्हायचं तरी तिचं पान तेच असायचं. पण ती उठायची नाही. हळूहळू पुस्तकाची डावी बाजू जाड होत गेली. कधी मध्येच हसायची, कधी मान वर करून मला म्हणायची, “आजोबा, तो पाववाला खोटं बोलतोय बरं का. त्याच्या हाताला तेल लागलंय, खायचं नाही, यंत्राचं.” मलाही त्या पाववाल्याचा संशय येऊ लागला. शाळेतल्या बाईंनी तिला तेव्हा पाहायला हवं होतं, असं मला फार वाटायचं.

शेवटचं पान आलं त्या दिवशी मी मुद्दाम वर्तमानपत्र खाली ठेवून बघत होतो. तिचं बोट शेवटच्या ओळीच्या टोकाला गेलं आणि थांबलं. तिने पान उलटलं. पुढे बाइंडरकाकांचा कोरा कागद. तिने मागे जाऊन पुन्हा वाचलं. मग अजून मागे जाऊन. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही.

मग तिने धाकटीला विचारलं, “चोर कोण आहे गं?”

“शेवट सांगायचा नाही!” धाकटी किंचाळलीच.

“पण मी वाचलंय. वाचलेल्याला सांगायला काय हरकत आहे?”

“वाचलंयस तर मला कशाला विचारतेस?”

बरोबरच होतं. तिने आणखी दोघातिघांना विचारलं. प्रत्येकाने पाटीकडे बोट दाखवलं आणि शहाण्यासारखं हसून काढता पाय घेतला. शेवटी ती आत्याकडे गेली, तर आत्या पुस्तकांवर शिक्के मारता मारता म्हणाली, “नीट वाच, कळेल. सगळ्यांना कळलंय ना!”

झालं. सगळ्यांना कळलंय. पोरगी परत माझ्यासमोर येऊन बसली आणि हळूच म्हणाली, “आजोबा, सगळं वाचलं आणि तरी कळलं नाही, तर ते वाचलं असं म्हणायचं का?”

“मी रोज वर्तमानपत्र वाचतो, मला तरी कुठे काय कळतं?” मी म्हणालो. ती हसली नाही. तिने पुस्तक मिटलं आणि त्यावर हनुवटी टेकून बसून राहिली. मला फार वाईट वाटलं.

शेवटच्या शनिवारी वर्गाच्या बाई आल्या. आई इस्पितळातून अर्ध्या दिवसाची रजा काढून आली होती, ती दाराशीच उभी राहिली. आतली खोली गच्च भरलेली, मी आणि बाइंडरकाका खिडकीत. काका दर शनिवारी येतात आणि आपण शिवलेलं पुस्तक कोणाच्या हातात दिसलं की शेजाऱ्याला कोपराने ढोसतात. त्या दिवशी मला ढोसलं.

थोरली स्टुलावर चढली. सुरुवातीला जरा अडखळली. मग घड्याळजीची नात गोष्टीत आली आणि पोरीची गाडी रुळावर आली. मनोऱ्याच्या जिन्यातला अंधार, पाववाल्याच्या हाताचं तेल, रोज एकच पत्र घेऊन येणारा पोस्टमन, सगळं इतकं बैजवार सांगितलं की जी मुलं हेच पुस्तक वाचून बसली होती तीसुद्धा तोंड उघडं टाकून ऐकत होती. नात मनोऱ्यावरच्या बंद खोलीशी पोचते तिथपर्यंत ती आली.

“मग तिने दार ढकललं,” थोरली म्हणाली, “आणि आत जो बसला होता त्याला बघून तिला हसूच फुटलं.”

मुलांनी टाळ्या वाजवायला हात उचलले. नेहमीप्रमाणे इथेच थांबायचं आणि डोळे मोठे करायचे, की काम फत्ते. बाईंच्या चेहऱ्यावरही हसू आलं होतं. पण थोरली खाली उतरली नाही.

“पुढचं मी नियमामुळे सांगत नाहीये असं नाही,” ती म्हणाली. “मला येतच नाही. मला शेवट कळला नाही. आत कोण बसला होता ते मला माहीत नाही.”

आईने दाराची चौकट घट्ट धरली. मी मनात म्हटलं, अगं बाई, कशाला बोललीस! एवढं जमवून आणलं आणि पाण्यात घालवलंस.

वर्गाच्या बाई सावरून बसल्या. “म्हणजे शेवटचं प्रकरण वाचलं नाहीस का?”

“वाचलं. खूपदा वाचलं. सगळ्यांना कळतं, मला कळत नाही.”

आत्याने पुढे होऊन पुस्तक तिच्या हातातून घेतलं, शेवटचं पान काढलं आणि उभ्याउभ्या वाचलं. पान उलटलं. कोऱ्या कागदाकडे बघितलं. मग तिने डोळे वटारून खोलीभर नजर फिरवली.

“हे पुस्तक ज्यांनी ज्यांनी वाचलंय त्यांनी हात वर करा.”

भराभर हात वर झाले. धाकटीचा सगळ्यांत उंच.

“आज नियम नाही. चोर कोण?”

भिंतीवरच्या पाटीकडे बघावं की जमिनीकडे, ते पोरांना कळेना. “अरे बोला ना! असला शेवट कुठे वाचला नसेल म्हणत होतात!”

“नगराध्यक्ष,” एक जण चाचरत म्हणाला.

“पोस्टमन असेल,” दुसरा म्हणाला.

“असेल?” आत्या कडाडली.

“घड्याळजी स्वतःच,” एक मुलगी म्हणाली आणि लगेच, “म्हणजे मला असं वाटलं,” असं म्हणून खाली बसली.

धाकटीचा हात केव्हाच खाली आला होता. आत्याने तिच्याकडे बघितलं तसे तिचे डोळे भरून आले. “मलाही नाही कळलं,” ती म्हणाली. “मला वाटलं, मलाच कळलं नाही.”

“मला पण तसंच वाटलं,” मागून कोणीतरी म्हणालं. मग एकेक करून सगळेच म्हणू लागले. एका मुलाने तर कबूल केलं की तो अर्ध्याच्या पुढे गेलाच नव्हता. मुलांचं सोडा, पण आत्यासुद्धा लालबुंद झाली होती, आणि तिने ते पुस्तक कधीच वाचलेलं नव्हतं हे सांगायला ज्योतिषी नको होता.

बाइंडरकाका खिडकीतून उठले. त्यांनी पुस्तक घेतलं, पाठ दाबली, मान वाकडी करून शिवण बघितली, आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. “एक जुडगा राहिला,” ते म्हणाले. “शेवटची पानं शिवायची राहिली. मी आलोच.” आणि या वयात माणूस धावू शकतो हे आम्हाला दाखवत ते दुकानाकडे धावले.

तेवढ्या वेळात वर्गाच्या बाई थोरलीपाशी गेल्या. ती अजून स्टुलावरच होती, त्यामुळे दोघींचे डोळे एका पातळीवर आले.

“पुस्तकात शेवट नव्हताच, बाळ,” बाई म्हणाल्या. “इतक्या जणांनी वाचलं, आणि शेवट सापडत नाही असं तू एकटीने सांगितलंस. तू पुढच्या वर्गात बसायचंस. त्यात आता काही बघायचं राहिलेलं नाही.”

आई दारातल्या दारात रडायला लागली. मी नाक शिंकरण्याच्या निमित्ताने रुमाल काढला.

बाइंडरकाका परतले ते धापा टाकत, हातात धुळीने माखलेली, दुमडलेली पानं घेऊन. मुलांची अशी झुंबड उडाली की पानं फाटायचीच. आत्याने ती डोक्यावर धरली, पोरांना दटावून खाली बसवलं आणि पानं थोरलीच्या हातात दिली.

“वाच. मोठ्याने वाच.”

“मला वेळ लागेल आत्या,” ती म्हणाली.

“लागू दे.”

ती स्टुलावर बसली, पानं मांडीवर घेतली, आणि ओळीखाली बोट ठेवलं. पहिल्याच शब्दाला अडली. कोणी हसलं नाही. बोट पुढे सरकलं, थांबलं, पुन्हा सरकलं. वाक्य पुरं व्हायला लागत होता तेवढा वेळ खोलीतली सगळी पोरं, आई, बाई, आम्ही म्हातारे, कान देऊन बसलो होतो. धाकटीला राहवलं नाही, ती उठून ताईच्या खांद्यामागे जाऊन उभी राहिली. तिचे डोळे सरसर पानभर धावले आणि खालच्या ओळीशी पोचले. चोर कोण ते तिला कळलं होतं.

तिने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं, आणि ताईचं बोट त्या ओळीपर्यंत पोचेस्तोवर काढलं नाही.